शंभरदा सांगितलं!

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण. बोलताना राहून गेलेल्या एक-दोन गोष्टी लिहून काढताना घातल्या आहेत.)



आम्ही आपल्यापुढे चार शब्द बोलणार आहोत.

"चार शब्द" असं प्रत्येक वक्ता म्हणतो आणि पाऊण तास उभा राहतो. म्हणजे बघा, आम्हीसुद्धा पहिल्याच वाक्यात मापात खोट केली. फरक इतकाच की ती कमी करून केली, वाढवून नव्हे. आजचा आमचा विषय हाच आहे. माणसं रोजच्या बोलण्यात वाढवून का सांगतात?

विहाराच्या वर्धापनदिनी धम्मावर, चळवळीवर बोलायचं सोडून हा कुठला विषय, असं काहींना वाटेल. हा विषय आम्हाला एका मुलीनं दिला. गेल्या पावसाळ्यात रविवारच्या धम्मवर्गात आम्ही पंचशीलाचा अर्थ सांगत होतो. चौथ्या शीलापाशी आलो. खोटे बोलण्यापासून अलिप्त राहण्याची प्रतिज्ञा आपण घेतो, असे सांगितले. तेव्हा पाचवीतली एक मुलगी उठून उभी राहिली. म्हणाली, "काका, माझी आई रोज म्हणते, तुला शंभरदा सांगितलं दप्तर जागेवर ठेव. मी काल मोजलं. तीनदाच सांगितलं. मग आईचं शील मोडलं का?"

सगळी पोरं हसली. तिची आई पाठीमागे सतरंजी गुंडाळत होती, तीही हसली. आम्हीही हसलो आणि वेळ मारून नेली. पण घरी गेल्यावर आमचं आम्हालाच बरं वाटलं नाही. बुद्धीला पटेल तेच स्वीकारा असं लोकांना सांगणारे आपण, आणि लहान मुलीचा सरळ प्रश्न हसण्यावारी नेतो! तेव्हापासून आम्ही या प्रश्नाचा विचार करत आहोत. त्याचं उत्तर आज देतो. ती मुलगी पुढच्याच रांगेत बसली आहे. तिनं शेवटपर्यंत ऐकावं.

आधी आपण किती वाढवून बोलतो ते बघू. सकाळी नळावर उभे राहा. "आज पाण्याचा थेंब नाही आला." खाली बादली अर्धी भरलेली असते. गाडीतून उतरलेला माणूस सांगतो, मुंगीला शिरायला जागा नव्हती. तरी हा स्वतः आत शिरून आलेला असतो! उन्हानं जीव गेला, भुकेनं मेलो, हसून हसून पोट फुटलं, चालून चालून पायाचे तुकडे पडले, लग्नाला अख्खा गाव लोटला होता. दिवसभरात आपण किती वेळा मरतो आणि किती वेळा आपले तुकडे पडतात, याचा हिशेब नाही.

पण एक गोष्ट ध्यानात घ्या. घरी येऊन नवरा म्हणाला, "भुकेनं मेलो," तर बायको डॉक्टरला बोलावायला धावत नाही. ती ताट वाढते. म्हणजे शब्द खोटे होते, पण निरोप बरोबर पोचला. सांगणाऱ्याला माहीत आहे की आपण मेलो नाही, ऐकणारीलाही माहीत आहे. फसला कोणीच नाही.

दुसरी गंमत आकड्यांची. आपण वाढवून सांगतो तेव्हा कोणते आकडे वापरतो? शंभरदा सांगितलं. हजारदा बजावलं. सतरांदा हेलपाटे घातले. छप्पन भानगडी. सतराशे साठ कामं. आपल्या भाषेनं हे आकडे बाजूला काढूनच ठेवले आहेत. "तुला सत्त्याण्णव वेळा सांगितलं" असं कोणी आई म्हणते का? म्हणाली, तर आपण चमकून बघू, कारण सत्त्याण्णव म्हटलं की वाटतं, हिनं खरंच मोजलं असणार. शंभर म्हटलं की कळतं, हा मोजलेला आकडा नाही, हा वैतागाचा आकडा आहे. म्हणजे फसवायचं असतं तर माणूस सत्त्याण्णव म्हणाला असता. शंभर म्हणणारा स्वतःच खूण करून सांगत असतो, की बाबा, हे मोजून घेऊ नकोस.

मग साधं "तीनदा सांगितलं" असं का म्हणू नये? आम्हाला याची तीन कारणं दिसली.

पहिलं कारण असं, की कष्टाला आणि दुःखाला माप नाही. ताप मोजायला थर्मामीटर आहे, कापड मोजायला मीटर आहे. आम्ही गिरणीत साचेखात्यात होतो. साच्यानं किती काम दिलं हे मोजायला साच्याला यंत्र लावलेलं असायचं. पाळी सुटताना त्यावरचा आकडा टिपून घेत. पण साच्यामागे आठ तास उभं राहणाऱ्याचे पाय किती दुखले, ते मोजणारं यंत्र कोणत्याच गिरणीत नव्हतं. मग तो घरी जाऊन काय सांगणार? "पाय बऱ्यापैकी दुखतात" म्हणाला तर कोणाला काय कळणार? म्हणून तो म्हणतो, पाय तुटले. जिथं माप नाही तिथं माणूस उपमा घेतो, आणि उपमा मोठीच घ्यावी लागते.

दुसरं कारण गोंगाट. साचेखात्यात शेकडो साचे एका वेळी चालत तेव्हा शेजारच्या माणसाशीही खुणेनं नाहीतर कानाशी तोंड नेऊन ओरडून बोलावं लागे. ती सवय घरी यायची. घरची माणसं म्हणायची, "हळू बोला, आम्ही काय बहिरे आहोत?" आवाजाचं जे तेच शब्दाचं. जिथं आपलं ऐकू जात नाही तिथं माणूस आवाज चढवतो, आणि आवाज चढवूनही कोणी ऐकत नाही तिथं शब्द चढवतो. विचार करून बघा. "शंभरदा सांगितलं" असं कोणाला म्हणावं लागतं? आईला म्हणावं लागतं, शिपायाला म्हणावं लागतं, रेशनच्या रांगेतल्या म्हातारीला म्हणावं लागतं. मालकाला कधी शंभरदा सांगावं लागत नाही. साहेब एकदाच म्हणतो, "उद्यापासून येऊ नका," आणि तेवढं पुरतं. ज्याच्या पहिल्या शब्दाला किंमत आहे त्याला वाढवून सांगायची गरज पडत नाही.

तिसरं कारण आनंदाचं आहे. पोरं कट्ट्यावर बसतात, बायका निवडण-टिपण करत गप्पा मारतात. त्यात सगळं तोलून-मापून बोललं तर त्या गप्पा कसल्या, तो पंचनामा होईल. थोडं तिखटमीठ लावल्याशिवाय गोष्ट गळ्याखाली उतरत नाही. ऐकणाऱ्यालाही ते हवं असतं. ही आपुलकीची देवाणघेवाण आहे. शाळेच्या व्याकरणात तर याला अतिशयोक्ती अलंकार म्हणतात. अलंकार म्हणजे दागिना! पण इथंही भेदभाव आहे बरं का. कवीनं वाढवून सांगितलं तर अलंकार आणि आमच्या वस्तीतली बाई पोलीस ठाण्यात वाढवून बोलली तर कांगावा. या भेदाकडे आम्ही पुन्हा येणार आहोत.

आता शीलाचा प्रश्न. भन्तेजींना आम्ही विचारलं आणि त्यांच्याकडून समजून घेतलं. जुन्या आचार्यांनी पाली अट्ठकथांमध्ये यावर बारकाईने विचार केलेला आहे. मुसावाद, म्हणजे खोटं बोलणं, पूर्ण व्हायला चार गोष्टी लागतात. एक, गोष्ट खरी नसणे. दोन, समोरच्याला फसवण्याचं मन असणे. तीन, तसा प्रयत्न करणे, म्हणजे बोलून किंवा खुणेनं ते सांगणे. चार, समोरच्याला तो अर्थ कळणे. यातला फसवण्याचा हेतूच नसेल तर शील मोडत नाही.

त्याही पुढे जाऊन अट्ठकथेत एक उदाहरण आहे. ते ऐकून आम्हाला आपल्याच वस्तीतलं वाटलं. एखाद्या भिक्खूला गावात थोडंसं तेल किंवा तूप मिळालं आणि त्यानं गमतीनं सांगितलं, की आज गावात तेलाची जणू नदी वाहते आहे, तर त्याचा दोष हलका मानलेला आहे. हलका म्हणजे दोष नाहीच असं नव्हे. भिक्खूनं तेवढंही जपावं. पण त्याच ठिकाणी म्हटलं आहे, की न पाहिलेलं पाहिलं म्हणून सांगणं हा भारी दोष, आणि गृहस्थानं साक्षीदार होऊन दुसऱ्याचं नुकसान करण्यासाठी खोटं सांगणं हाही भारी दोष. म्हणजे आचार्यांनी गप्पा आणि साक्ष यांच्यामध्ये रेघ मारली. आम्हाला वाटतं, आपल्या आजच्या विषयाची किल्ली त्या रेघेत आहे.

पण याचा अर्थ वाढवून सांगायला रान मोकळं झालं, असा कोणी घेऊ नये. तथागतांनी आपल्या मुलाला, राहुलला, भांड्यात उरलेलं थोडंसं पाणी दाखवून खोट्या बोलण्याबद्दल शिकवण दिली, आणि थट्टेतही खोटं बोलू नये असं सांगितलं. राहुलला मुसावादाबद्दल केलेल्या त्या उपदेशाचं नाव सम्राट अशोकानं राजस्थानातल्या बैराटच्या लेखात घेतलं आहे. भिक्खूंनी आणि उपासकांनी तो वारंवार ऐकावा असं तो सांगतो. एवढं महत्त्व त्याला का दिलं? कारण वाढवून सांगण्याची सवय हळूहळू शब्दाची किंमत खाते.

आमच्या तरुणपणचं उदाहरण देतो. गावाकडून तार यायची. आता ती सेवा राहिली नाही, २०१३ च्या जुलैमध्ये बंद झाली. तेव्हा "मदर सिरियस" अशी तार आल्याशिवाय रजा मिळायची नाही. आईला नुसता ताप आहे, पेरणीला माणूस नाही, बहिणीला बघायला पाहुणे येणार आहेत, यातल्या कशालाही रजा नाही. मग प्रत्येक जण गावाला सांगून ठेवायचा, "सिरियस" म्हणून तार कर. साहेबाला हे कळायला किती वेळ लागणार? तो तार हातात घेऊन हसायचा. "तुझी आई वर्षातून दोनदा सिरियस होते." आणि मग एकदा आमच्या एका सोबत्याची आई खरोखरच अत्यवस्थ झाली. तार आली. तार तीच, शब्द तेच. रजा दुसऱ्या दिवशी मिळाली. तो गावी पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं.

यात दोष कोणाचा? साध्या कारणाला रजा न देणाऱ्याचा आहेच. पण आपलाही आहे. बाजारात नोटा भरमसाट झाल्या की पैशाची किंमत उतरते. तसंच शब्दाचं होतं. आज चौकातले फ्लेक्स बघा. ज्याला त्याच्या गल्लीत कोणी ओळखत नाही तो तिथं हृदयसम्राट असतो. सभागृह तीनशे खुर्च्यांचं आणि पत्रकात "लाखोंचा जनसागर". हे विरोधकांचं सांगत नाही, आपल्याच कार्यक्रमांचं सांगतो आहोत. उद्या खरोखर लाख लोक जमले तर आपण कोणता शब्द वापरणार?

आणि आपल्याच मोठेपणाची जी अतिशयोक्ती असते ती तर सगळ्यांत वाईट. विनयपिटकात एक कथा आहे. वज्जींच्या देशात दुष्काळ पडला होता. वग्गुमुदा नदीच्या काठी वर्षावासाला राहिलेल्या काही भिक्खूंनी युक्ती काढली. गृहस्थांपुढे एकमेकांची स्तुती करायची, की याला अमुक ध्यान साधलं आहे, तो अर्हत झाला आहे. लोक भोळे. त्यांनी स्वतः न खाता, आई-बापांच्या आणि लेकरांच्या तोंडचा घास काढून यांना दिला. वर्षावास संपल्यावर बाकीचे भिक्खू रोडावून वैशालीला आले आणि हे मात्र धष्टपुष्ट होऊन आले. तथागतांनी विचारपूस केली, त्यांची कडक निंदा केली आणि भिक्खूला संघातून कायमचं काढून टाकणाऱ्या चार मोठ्या अपराधांत याची गणना झाली. उत्तरिमनुस्सधम्माचा, म्हणजे माणसाच्या नेहमीच्या शक्तीपलीकडच्या सिद्धीचा खोटा दावा. मात्र ज्याला मनापासून तसं वाटलं आणि नंतर चूक कळली, त्याला यातून वगळलं. पुन्हा प्रश्न हेतूचाच आला. तेलाची नदी सांगणाऱ्याला हलका दोष आणि स्वतःला अर्हत म्हणवून भुकेल्याचा घास घेणाऱ्याला संघाचं दार बंद. कोणाचं काय हिरावलं जातं, यावरून बोलण्याचं वजन ठरतं.

आता ऐकणाऱ्याकडे वळू. आतापर्यंत आपण बोलणाऱ्यालाच तपासलं. ऐकणारा काय करतो?

गिरणीत कापूस पिंजण्याच्या भागात, ब्लोरूम आणि कार्डिंगला, सगळीकडे बारीक तूस उडत असतं. तिथला एक कामगार आम्हाला नेहमी सांगायचा, "सुट्टी करून आलो की पहिल्या दिवशी छातीवर कुणी जातं ठेवल्यासारखं होतं. दुसऱ्या दिवशी बरं वाटतं." सगळे हसायचे. म्हणायचे, सुट्टीची उतरली नसेल. कामाचा आळस आहे. वाढवून सांगतो आहे. लाज वाटते सांगायला, पण हसणाऱ्यांत आम्हीही होतो. पुढे आम्ही व्यवसायजन्य आजारांवर वाचायला लागलो तेव्हा कळलं, की कापसाच्या धुळीनं होणाऱ्या या रोगाला बायसिनोसिस म्हणतात. त्याचं सुरुवातीचं लक्षण नेमकं हेच आहे. साप्ताहिक सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळते. लँकेशायरच्या गिरणी कामगारांना तपासून डॉ. शिलिंग यांनी १९५० च्या दशकात या रोगाच्या पायऱ्या लावल्या, त्यात पहिली पायरी हीच. पुढे हा त्रास आठवडाभर राहू लागतो आणि फुप्फुस कायमचं जातं. म्हणजे आमचा सोबती वाढवून सांगत नव्हता. तो डॉक्टरच्या पुस्तकातलं लक्षण आपल्या भाषेत अचूक सांगत होता. आम्ही मात्र ते अतिशयोक्तीत जमा केलं.

"तुम्ही लोक फार वाढवून सांगता." हे वाक्य आपल्यापैकी कोणी ऐकलेलं नाही? शाळेत, कचेरीत, भाड्यानं खोली बघायला गेल्यावर जे अनुभव येतात ते सांगितले की समोरचा सुशिक्षित माणूस मान हलवून म्हणतो, आता तसं काही राहिलेलं नाही, तुम्ही मनाला लावून घेता. हे आजचं नाही. १९३२ मध्ये मताधिकाराच्या प्रश्नावर लॉर्ड लोथियन यांची समिती होती. बाबासाहेब तिचे सभासद होते. तेव्हा प्रश्न आला, अस्पृश्य किती? संयुक्त प्रांतात, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशाच्या भागात, १९३१ च्या जनगणना आयुक्तांचा अंदाज होता १ कोटी २६ लाख. त्याच प्रांताच्या समितीनं सांगितलं, ६ लाख! बाबासाहेबांनी हे आकडे शेजारी शेजारी मांडून ठेवले आहेत. ही वाढवून सांगण्याच्या उलट गोष्ट झाली. आपण तिनाचे शंभर करतो म्हणून आपल्याला हसतात. त्यांनी तर सव्वा कोटीचे सहा लाख केले. आणि त्याला कोणी कांगावा म्हटलं नाही, अहवाल म्हटलं.

म्हणून आम्ही म्हणतो, वाढवून सांगणं ही निम्मी बोलणाऱ्याची सवय आहे आणि निम्मी ऐकणाऱ्याची करणी आहे. तीन सांगितल्यावर जो एकच धरतो, त्याच्यापुढे माणूस शंभर म्हणायला शिकतो.

आता जे सांगणार आहोत ते सांगायला जड जातं. पण विहारात उभं राहून दुसऱ्याच्या चुका सांगायच्या आणि स्वतःची लपवायची, हे बरोबर नाही.

पंधरा-सोळा वर्षं झाली. एका खेड्यात जयंतीच्या मिरवणुकीवरून आपल्या एका कुटुंबाला मारहाण झाली. आम्ही कार्यकर्ते म्हणून तिथं गेलो. घरातली बाई बोलत होती. डोक्याला पट्टी होती. म्हणाली, "अख्खं गाव अंगावर आलं, दादा. रक्ताचे पाट वाहिले." ती सांगत होती आणि आमच्या अंगात आग पेटत होती. तक्रारीचा अर्ज आम्हीच लिहिला. त्या दिवसांत आम्हाला आमच्या लेखणीचा फार अभिमान होता. आम्ही लिहिलं, शे-सव्वाशे लोकांच्या जमावानं हल्ला केला. तिला वाचून दाखवलं, तिनं अंगठा केला.

खटला उभा राहिला. समोरच्या वकिलानं तिला एकच विचारलं. "शंभर माणसं होती म्हणता. नावं सांगा." तिनं नावं सांगितली. नऊ. "पुढं?" ती गप्प. "बाकीचे एक्क्याण्णव कुठं गेले?" कोर्टात हशा झाला. मग दवाखान्याचा कागद काढला. कपाळाला तीन टाके. "तीन टाक्यांत पाट वाहिले का?" आरोपी सुटले. सुटण्याचं कारण तेवढंच नव्हतं. एक साक्षीदार फिरला, तपासही ढिला होता. पण त्या वकिलाच्या हातातला पहिला दगड आम्ही लिहून दिलेला होता.

एक गोष्ट खोटी निघाली म्हणून सगळी साक्ष खोटी, असा नियम आपल्या कायद्यात नाही. भुसा वेगळा करून धान्य घ्यावं, असं सर्वोच्च न्यायालयानं अनेक निकालांत म्हटलेलं आहे. पण पाखडायला सूप लागतं आणि सवडही लागते. गरिबाच्या वाट्याला ते दर वेळी येतंच असं नाही.

निकालानंतर आम्ही तिच्या घरी गेलो. खाली मान घालून बसलो. तिनं चहा दिला आणि म्हणाली, "दादा, मी खोटं बोलले नव्हते. मारायला आले ते नऊच. पण बाकीचं गाव आपापल्या दारात उभं राहून बघत होतं. मला तर अख्खं गाव दिसलं. जे बघत उभे राहिले ते मोजायचे नाहीत का?"

बंधू-भगिनींनो, त्या दिवशी आमच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ती बाई वाढवून बोलली नव्हती. तिच्या "अख्खं गाव" या दोन शब्दांत जे होतं ते आम्ही विचारलंच नाही. आम्ही विचारायला हवं होतं, बाई, अख्खं गाव म्हणजे कोण कोण? मग आम्ही लिहिलं असतं, नऊ जणांनी मारलं, त्यांची नावं ही. शेजारची अमुक-तमुक घरं दारात उभी होती, कोणीही सोडवायला आलं नाही. हे वाक्य शंभराच्या जमावापेक्षा किती भारी आहे बघा! ते खरंही होतं आणि कोणत्याही वकिलाला ते खोडता आलं नसतं. ती बोलली ती वेदना होती. आम्ही तिच्या वेदनेचा आकडा केला आणि तो आकडा खोटा ठरला. शील मोडलं असेल तर ते आमचं, तिचं नव्हे.

तेव्हापासून आम्ही एक शिस्त पाळतो आणि तरुण कार्यकर्त्यांनाही तीच सांगतो. माणूस दुःख सांगत असताना मध्ये तोडू नका. शंभर म्हणाला तर शंभर ऐका. "नक्की किती?" म्हणून तिथंच अडवू नका. पाणी द्या. मनातलं सगळं निघू द्या. मग कागद काढा आणि पुन्हा पहिल्यापासून विचारा. कोण होतं, कुठं उभं होतं, कोणाच्या हातात काय होतं, उजेड होता की अंधार, कोणी बघितलं. १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा आपल्या हातात आहे, पण कायद्याला हंबरडा कळत नाही, त्याला नाव, जागा आणि वेळ लागते. पहिल्यांदा ऐकताना माणूस व्हा, दुसऱ्यांदा ऐकताना कारकून व्हा. दोन्ही पाहिजे. नुसता कारकून असेल तर बाई बोलणारच नाही. नुसता माणूस असेल तर आमच्यासारखी चूक होईल.

चळवळीच्या इतिहासालाही हेच लागू आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला किती लोकांनी दीक्षा घेतली, यावर कोणी तीन लाख सांगतो, कोणी पाच, कोणी सहा. आपल्या पोरांमध्ये यावरून वाद होतात, जणू एक लाख कमी झाला तर क्रांती लहान होईल. पण शिरगणतीचे आकडे बघा. १९५१ मध्ये महाराष्ट्रात बौद्धांची नोंद होती २,४८७. १९६१ मध्ये झाली २७,८९,५०१. हे आकडे आपल्या कोणा वक्त्यानं सभेत सांगितलेले नाहीत, सरकारच्या दप्तरातले आहेत. २०११ च्या जनगणनेत हीच संख्या ६५ लाखांवर होती. जे खरोखर मोठं आहे त्याला फुगवायची गरज नसते. उलट फुगवलं की ते लहान दिसायला लागतं. म्हणून जनगणनेचा कर्मचारी दारात येतो तेव्हा धर्माच्या रकान्यात काय लिहिलं ते वाचून बघा. एक घर चुकीचं नोंदलं गेलं तर पुढे शंभर भाषणांनी ते भरून निघत नाही.

आता त्या मुलीला उत्तर.

बाळ, तुझ्या आईचं शील मोडलेलं नाही. तिला तुला फसवायचं नव्हतं आणि तू फसलीही नाहीस. तू तर मोजून बसली होतीस! तिच्या "शंभरदा" याचा अर्थ एवढाच होता, की मी दमले आहे आणि माझं कोणी ऐकत नाही. तेव्हा उद्यापासून असं कर. आईनं पहिल्यांदा सांगितलं की दप्तर उचल. तिला शंभरापर्यंत जावंच लागणार नाही. आणि तिच्या आईला आमची विनंती, की पोरीनं मोजलं म्हणून रागावू नका. आपल्याला मोजणाऱ्या मुली पाहिजेत. उद्या हीच मुलगी कोणाचा तरी अर्ज लिहायला बसेल, तेव्हा ती शंभर लिहिणार नाही. नऊ लिहील आणि नऊ नावं लिहील.

आम्ही चार शब्द म्हणालो होतो, घड्याळ काय सांगतं ते आपण बघताच आहात. इथं थांबतो.

सर्वांचे मंगल होवो. नमो बुद्धाय! जय भीम!